वेन्सलीडेलची मेंढरं आणि आटपाडीची मी

परवा आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एकीनं फॉरवर्ड टाकलं, इंग्लंडमधली स्वप्नातली खेडी म्हणून. पिवळसर दगडाची घरं, दारावर गुलाबाचा वेल, खिडकीत मांजर, नि खाली लिहिलंय की तुम्ही तर तिथंच राहिलाय ना, किती लकी. आता काय बोलायचं. ते फोटो कॉट्सवोल्ड्सचे, ऑक्सफर्डच्या पश्चिमेला, तिथं बसा भरभरून टुरिस्ट येतात. आम्ही राहिलो ते पार वर, नॉर्थ यॉर्कशायरमधे, वेन्सलीडेल नावाच्या खोऱ्यात, जिथं घरं करड्या दगडाची, आभाळही करडंच, नि उन्हाळा आला का येऊन गेला ते शेजाऱ्याला विचारायला लागतंय. गुलाब होते, नाही असं नाही. पण त्या गावाचं नाव काढलं की मला पहिला वास येतो तो ओल्या लोकरीचा नि लेंड्यांचा, नि खरं सांगू, त्याच वासामुळं मी तिथं टिकले.

माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. दुष्काळी भाग, मेंढरांचा भाग. आबांचा, म्हणजे आजोबांचा कळप होता, दिवाळी झाली की तो घेऊन ते खाली कृष्णाकाठाला उतरायचे, ऊस-हळदीच्या गावात कुणाच्या तरी रानात रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, नि पावसाच्या तोंडाला परत. मी शाळेत बरी निघाले म्हणून मामानं मिरजेला शिकायला नेलं नि तिथंच लग्न जमलं. आमचे हे मिरजेच्या मेडिकल कॉलेजचे. त्या काळात मिरजेतनं पुष्कळजण इंग्लंडला जायचे, हेही परीक्षा देऊन गेले, नि नव्वदच्या दशकाच्या शेवटी पोराला कडेवर घेऊन मी मागनं गेले. ह्यांचं हॉस्पिटल नॉर्थॅलर्टनला. घर मिळालं ते लेबर्नच्या पुढं एका खेड्यात, भाडं कमी नि ह्यांना गाडी चालवायची हौस. गावात एक चर्च, एक पब, एक लाल टेलिफोनची पेटी नि दोन खोल्यांची शाळा. किराणा दुकान नाही. बस दिवसातनं मोजून येणार नि रविवारी येणारच नाही. रेल्वे होती म्हणे एकेकाळी नॉर्थॅलर्टनपासनं आमच्याच खोऱ्यातल्या हॉज गावापर्यंत, पण तिची पॅसेंजर गाडी १९५४ लाच बंद झालेली, स्टेशनं तेवढी शिल्लक. आपल्या लाल एसटीला शिव्या देणाऱ्यांनी तिथं एक हिवाळा काढून बघावा.

आठवडी बाजार मात्र होते. लेबर्नला शुक्रवारी, हॉजला मंगळवारी, नि हॉजला मेंढरांचा लिलावही. हे ऐकलं तेव्हा जरा जीवात जीव आला.

पहिल्याच नोव्हेंबरात खिडकीतनं बघते तर समोरच्या रानातल्या निम्म्या मेंढ्यांच्या ढुंगणावर निळा रंग. गावाच्या वरच्या अंगाला एक शेत होतं, तिथली बाई चर्चपाशी भेटली तेव्हा तिला विचारलं. ती जरा घुटमळली, डॉक्टरच्या बायकोला हे कसं सांगायचं म्हणून असेल, मग सांगितलं की नराच्या छातीला रंग फासतात, तो जिच्यावर चढला तिच्यावर रंग उतरतो. मेंढी १७ दिवसांनी परत माजावर येते, म्हणून तेवढ्या दिवसांनी रंग बदलायचा, निळ्यावर लाल पडला की समजायचं पहिल्या खेपेला गाभण राहिली नाही. कुठली आधी विणार नि कुठली मागनं तेही पुढं रंगावरनंच कळतं. नर सोडायचे ५ नोव्हेंबरच्या आसपास, त्या दिवशी तिकडं फटाके उडवतात, तिथनं १४७ दिवस मोजले की बरोबर १ एप्रिलला वेत सुरू. मी म्हणलं, आमच्यातपण पाचच महिने. ती म्हणाली, तुमच्यात म्हणजे? मग आबांचं सांगितलं. तोवर गावाला मी डॉक्टरची इंडियन बायको होते, भेटलं की हवेवर दोन वाक्यं बोलायची नि पुढं जायचं. त्या दिवशी तिनं हवेचं काही काढलं नाही, सरळ विचारलं, किती मेंढरं होती आजोबांची? हा प्रश्न मला त्या देशात तोपर्यंत कुणी विचारला नव्हता.

माझं इंग्रजी तेव्हा बेताचं, त्यात यॉर्कशायरच्या शेतकऱ्याचं इंग्रजी, आमच्या ह्यांनासुद्धा पेशंटला दोनदा विचारायला लागायचं. पण वरच्या शेतावर गेलं की भाषेचं काही अडायचं नाही. एप्रिल म्हणजे आपल्याला वाटतं वसंत, तिथं बर्फाचा शेवटचा तडाखा नेमका मेंढ्या विताना येतो. मी दुपारची पोराला घेऊन वर जायला लागले. किचनमधे शेगडीपाशी पुठ्ठ्याचं खोकं, त्यात जुना टॉवेल नि गारठलेली दोन कोकरं, टेबलावर दुधाच्या बाटल्या, नि खुर्चीवर तिचा नवरा बूट न काढता बसल्या बसल्या झोपलेला. आमच्या आजीकडं खोक्याऐवजी घोंगड्याची घडी असायची नि शेगडीच्या जागी चूल, बाकी तेच.

एक दिवस एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं नि दुसरीला तिळी. मेंढीला आचळं दोनच, तिसरं उपाशी मरणार. त्या बाईच्या नवऱ्यानं काय केलं, मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, चार पायांची चार भोकं तशीच ठेवली, नि बनियन घातल्यागत ते तिसऱ्या कोकराच्या अंगात चढवलं. मेंढीनं पुढनं हुंगलं, मागनं हुंगलं, शेपटीपाशी नाक लावून बराच वेळ थांबली, मग पाय फाकवून उभी राहिली. पोरगं लागलं प्यायला. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकायचं, तोवर दूध पिऊन कोकराला तिचाच वास लागलेला असतो. आमच्यात मेंढीचा पाय धरून, मुंडकं गुडघ्यात दाबून दुसरीचं कोकरू पाजतात, रोज चार-चार वेळा ती झटापट. आबा तोवर गेले होते म्हणून आत्तीला फोन करून सांगितलं, आयएसडीचं बिल वाढत होतं तरी सगळं सांगितलं. आत्ती म्हणाली, "डोकं हाय की गोऱ्यांना."

त्या घरातला म्हातारा, म्हणजे त्या बाईचा सासरा, त्याला मेंढरं मोजायची जुनी तऱ्हा यायची. येन, टेन, एडेरो, पेडेरो, पिट्स, असं विसापर्यंत जायचं, वीस झाली की खिशात एक खडा टाकायचा नाहीतर काठीला खाच पाडायची, नि परत येनपासनं सुरू. आता तसं कुणी मोजत नाही, बालवाडीतली पोरं गाणं म्हणून म्हणतात. विद्वान लोक त्याचं नातं वेल्श भाषेशी लावतात नि त्यावरनं भांडतात. आमची आजीपण विसावरच मोजायची. शंभर तिला येत नव्हतं असं नाही, पण मेंढरं वाड्यात घालताना तीन इसा नि सात, असंच. म्हाताऱ्याला हे सांगितलं तर तो विचार करून म्हणाला, मग हा हिशेब माणसानं काढलेला नसणार, मेंढ्यांनीच दोन्हीकडं शिकवला असणार. तो असाच बोलायचा, हसायचा नाही.

त्याच्याकडनंच डेंटच्या विणकरांचं ऐकलं. डेंट म्हणजे डोंगरापलीकडचं गाव, तिथले बायका-पुरुष चालता चालता मोजे विणायचे, एक सुई कमरेच्या पट्ट्यात खोचलेल्या लाकडी दांडीत अडकवायची म्हणजे एक हात मोकळा राहतो, नि गुरं हाकत, बाजाराला जात विणकाम चालूच. मला लगेच आमचे लोक दिसले, कळपामागनं चालताना हातात चाती गरगर फिरतेय नि लोकरीचं सूत निघतंय. आता दोन्हीकडं लोकरीला कोण विचारत नाही. तिथं मेंढी कातरायची मजुरी लोकर विकून निघत नाही नि इथं घोंगडं घ्यायला गिऱ्हाईक नाही.

त्या घोंगड्याचीही एक गंमत. शाळेत ख्रिसमसला येशूच्या जन्माचं नाटक बसवतात, प्रत्येक गावात, दरवर्षी तेच. देखणी पोरगी मरिया, उंच पोरगा जोसेफ, नि ज्यांना काहीच नाही ते मेंढपाळ, डोक्याला किचनमधला टॉवेल बांधून. आमचं पोरगं अर्थातच मेंढपाळ. मी म्हणलं टॉवेल कशाला, नि आबांचं काळं घोंगडं काढलं, मी नेलं होतं ते बरोबर, आई नको म्हणत असताना, बॅगेचं वजन वाढतंय म्हणून. त्याची खोळ करून पोराच्या डोक्यावर घातली नि हातात काठी दिली. पोरगं स्टेजवर आलं नि मागच्या रांगेतले शेतकरी कुजबुजायला लागले, बाळ येशूकडं कुणाचं लक्षच नाही. नाटक संपल्यावर दोघा-तिघांनी घोंगडं हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं, लोकर चोळून बघितली, पाणी धरतं का विचारलं. मी सांगितलं, पावसात आमचा माणूस ह्याच्याखाली अख्खी रात्र काढतो. एकानं तिथल्या तिथं किंमत विचारली. दिलं नाही मी.

आता भिंती. डेल्सचा, म्हणजे तिकडच्या ह्या खोऱ्यांचा, कुठलाही फोटो बघा, डोंगरभर दगडी भिंतींचं जाळं दिसतं. चुना नाही, माती नाही, नुसती पौळ. पण आपल्यासारखी एकेरी नव्हे, दोन बाजूंनी दोन भिंती आत कलत वर जातात, मधे बारीक दगडांची भर, ठराविक उंचीवर दोन्हींना धरून ठेवणारे आडवे लांब दगड, नि डोक्यावर उभे दगड वजन म्हणून. खाली कुठंतरी मेंढीपुरतं भोक मुद्दाम ठेवतात. बघायला लय भारी. म्हातारा मात्र म्हणायचा, लोक ह्याचे फोटो काढतात, ह्या बांधल्या कशाला ते कुणी विचारत नाही. त्यातल्या पुष्कळशा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, पार्लमेंटनं कायदे करकरून गावाच्या सामायिक चराऊ जमिनी वाटून टाकल्या त्या वेळच्या. ज्याच्या नावावर जमीन त्याला तुकडा मिळाला, ज्याची नुसती एक गाय नि चार मेंढ्या गावाच्या कुरणावर चरायच्या त्याला भिंत बांधायची मजुरी मिळाली. आपल्या गायरानांचं काय झालं ते आठवा, कुठं अतिक्रमण, कुठं प्लॉट, नि मेंढकं रस्त्याच्या कडेनं.

एक गोष्ट मात्र त्यांनी राखलीय नि तिचा मला आजही हेवा वाटतो. पायवाट. कुणाच्याही शेतातनं, अंगणाच्या कडेनं, उभ्या पिकातनंसुद्धा जुनी पायवाट असली की ती सगळ्यांची. मालकानं अडवायची नाही. १९४९ च्या कायद्यानं ह्या सगळ्या वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या, नि वाट नांगरली तर १४ दिवसांत परत चालण्यासारखी करून द्यायची असा १९९० चा कायदा. भिंत आडवी आली तर चढायला दगडी पायऱ्या, नाहीतर माणूस जाईल पण मेंढी जाणार नाही असं फाटक. हे काही आभाळातनं पडलं नाही, १९३२ साली मँचेस्टरकडची गिरणी कामगार पोरं किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर जमीनदाराच्या शिकारखान्यात मुद्दाम घुसली, त्यातल्या पाचांना तुरुंग झाला, तेव्हापासनं हे घासत घासत आलंय. मी साडीवर स्वेटर, पायात गमबूट, हातात नारिंगी कव्हरचा नकाशा, नि कुणाच्याही रानातनं बिनधास्त. पहिल्यांदा समोरनं ट्रॅक्टरवाला आला तेव्हा मला वाटलं आता शिव्या खायच्या, त्यानं हात वर केला नि इंजिन बंद करून मला जाऊ दिलं.

आणि इकडं आमच्या भावाची पाणंद. आज्याच्या आज्यापासनं बैलगाडी जाते ती वाट, नकाशात आहे, शेजाऱ्यानं दोन्हीकडनं बांध कोरून कोरून ती एवढी केली की आता मोटरसायकल घासते. भाऊ तहसीलदाराकडं मामलेदार कोर्ट ॲक्टखाली दावा लावून बसलाय, कायदा १९०६ चा, म्हणजे इंग्रजांचाच. तारखेवर तारीख. तो मला म्हणतो, ताई तू तिकडं एवढी वर्षं चालत होतीस, जरा इथं चालून दाखव.

ग्रामपंचायतीसारखी त्यांची पॅरिश कौन्सिल असते, १८९४ पासनं, तिची मीटिंग मी एकदा हौसेनं जाऊन बघितली, दीड तास कुत्र्यांच्या घाणीवर चर्चा झाली. पार्टी नाही, पॅनेल नाही, पगार नाही, चिकन-मटण नाही. निवडणुकीला उभं राहायला माणूस मिळत नाही. सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला ते जरा अळणीच वाटणार.

चर्चच्या फाटकाशी पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड. एवढंसं गाव नि एकाच आडनावाचे तिघं. नोव्हेंबरात छातीला पॉपीचं लाल फूल लावून सगळे तिथं उभे राहतात, नावं मोठ्यानं वाचतात. नॉर्थॅलर्टनच्या वाटेवर स्क्रूटन म्हणून गाव आहे, तिथं असा दगड नाही कारण तिथनं गेलेले सगळे जिवंत परत आले, अशी गावं सगळ्या इंग्लंडात मिळून थोडीच. आपल्याकडंही दगड आहेत बरं का, पुष्कळ गावात जुन्या शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत बसवलेले. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यातला तर प्रसिद्धच, ४६ जण गेले म्हणून. पण आपल्या दगडावर आकडा असतो. ह्या गावातनं इतके लढायला गेले, त्यातले इतके मेले. नाव नसतं. त्यांच्या गावातल्या तिघांची नावं मला आजही पाठ आहेत नि आमच्या तालुक्यातनं गेलेल्या एकाचंही माहीत नाही, हे मला तिथं उभं असताना फार लागायचं.

आणि हिवाळ्यात संध्याकाळी चार वाजता अंधार पडला की गावातल्या निम्म्या घरांत दिवा लागायचा नाही. सुट्टीची घरं, लंडन-लीड्सच्या लोकांची. त्यामुळं किमती अशा चढल्या की वरच्या शेतावरच्या पोरीला लग्नानंतर गावात घर परवडलं नाही, ती गेली डार्लिंग्टनला. शाळेत पोरं कमी, मग शाळा बंद करायची चर्चा. आमच्या खानापूर-आटपाडीकडं उलटं नि तरी तेच. गलाईवाले सोन्या-चांदीच्या धंद्यात देशभर पांगलेले, गावात बंगले टोलेजंग, टाईल्सपण बाहेरच्या, नि जत्रा सोडली तर कुलूप.

आता २००१ चं सांगते. हे लिहायचं टाळत होते, पण त्याच्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

फेब्रुवारीत टीव्हीवर बातमी आली, एसेक्समधल्या कत्तलखान्यात डुकरांना लाळ-खुरकत. एसेक्स कुठं नि आम्ही कुठं. पण तोवर रोगाची मेंढरं बाजारातनं देशभर फिरून गेली होती. बघता बघता शेजारचं कम्ब्रिया पेटलं, खरंच पेटलं, जनावरांच्या ढिगांना आगी लावलेल्या रोज टीव्हीवर, पाय वर झालेल्या गाई. मग आमच्या डेलमधेही आला. सगळ्या पायवाटा बंद. शेताच्या तोंडाला औषधात भिजवलेला पेंढा पसरलेला, त्यावरनं गाडी न्यायची, बादलीत ब्रश, बूट घासायचे. पब रिकामा, बाजार बंद. पार्लमेंटची मे महिन्यात व्हायची निवडणूकसुद्धा ७ जूनवर ढकलली.

हा रोग आपल्याला नवा नाही. जनावर लाळ गाळतं, लंगडतं, दूध आटतं, वासरं-कोकरं दगावतात, मोठी बहुतेक तरतात, नि सरकार लस टोचतं. तिथं लस टोचायची नाही असं धोरण, कारण लस न टोचता रोगमुक्त असा शिक्का असला तरच मांसाच्या निर्यातीचे बाजार उघडे राहतात. मग रोग दिसला की अख्खा कळप मारायचा, नि शेजारच्या शेतावरचाही मारायचा, त्यांना रोग असो वा नसो, ४८ तासांच्या आत. आत्तीला फोनवर सांगितलं तर तिला खोटं वाटलं. "लाळीला मारत्यात व्हय? आगं पाय धुवायचं, औषध लावायचं, आठ-पंधरा दिसात हुतंय की बरं." मी म्हणलं, आत्ती, इथं तसं नाही. ती बराच वेळ गप्प होती नि मग म्हणाली, "मग डोकं न्हाई त्यांना."

वरच्या शेतावर रोग नव्हता. त्यांच्या भिंतीपलीकडच्या शेतावर निघाला. मग वरच्या शेतावरच्या घरातनंही कुणी बाहेर यायचं नाही, बाहेरच्यानं आत जायचं नाही, पोस्ट फाटकाशी, दूध फाटकाशी. मी बटाट्याचे पराठे करून डब्यात घालून फाटकाच्या दगडावर ठेवायची, हॉर्न वाजवायचा नि मागं जाऊन उभं राहायचं. ती लांब गोठ्यापाशी येऊन हात वर करायची. आम्ही दोघी तशाच उभ्या राहायचो थोडा वेळ, ओरडून बोलता आलं असतं पण बोललो नाही. वेताचा हंगाम, मेंढ्यांच्या पायात कोकरं. ज्या दिवशी मारणारी माणसं आली त्या दिवशी म्हाताऱ्यानं कुणालाच मेंढ्यांना हात लावू दिला नाही, स्वतः शिट्टी मारून कुत्र्याकडनं सगळी आवारात घेतली, परक्या माणसानं हाकलली तर बुजतील म्हणून. हे तिनं मला नंतर सांगितलं, पुष्कळ नंतर. त्या दिवशी संध्याकाळी फोनवर फक्त एवढंच म्हणाली की कुत्रा जेवत नाहीये.

सगळ्या देशात मिळून ६० लाखांहून जास्त जनावरं मारली. शेवटची केस सप्टेंबरच्या शेवटाला. भरपाई मिळाली, चांगली मिळाली, तेही सांगायला पाहिजे, काहींनी त्या पैशात नवं घर बांधलं नि मेंढरांचा नाद सोडला. वरच्या शेतावरच्यांनी नवी मेंढरं आणली. पण डोंगरावरच्या मेंढीचं असं असतं की वर कुंपण नाही, सगळा उघडा माळ, तरी प्रत्येक कळप आपल्याच हद्दीत चरतो. ती हद्द कोकरू आईबरोबर चरता चरता शिकतं, नि तिनं तिच्या आईकडनं शिकलेलं, असं शेकडो वर्षं चालत आलेलं. म्हणून शेत विकलं तरी कळप शेताबरोबरच विकायचा अशी तिथली रीत. कळप मेला म्हणजे ते सगळं गेलं, विकत आणलेल्या मेंढीला ते माहीत नसतं. दुसऱ्या वर्षी म्हातारा रोज सकाळी वर जाऊन उभा राहायचा, भटकलेल्या मेंढ्या वळवायच्या, उद्या परत त्याच. वय झालेलं, गुडघे गेलेले. मी म्हणलं, आमचे आबा आयुष्यभर हेच करत होते, फक्त हद्द रोजची वेगळी. तो म्हणाला, मग ते मला शिकवू शकले असते.

आम्ही परत आलो ते ह्यांचे आईवडील थकले म्हणून, आता सांगलीत विश्रामबागला फ्लॅट, खाली पार्किंग, समोर मेडिकल. त्या बाईचा ख्रिसमसला फोन येतो, म्हातारा गेला, मेंढरांचं पोरगा बघतो. गेल्या शरदात तिनं हॉजच्या नरांच्या विक्रीचे फोटो पाठवले. स्वेलडेल जातीचे नर, काळं तोंड, नाकाडावर पांढरं, दोन्ही बाजूंनी वळलेली शिंगं. विक्रीच्या आधी त्यांची जी तयारी चालते ती लग्नातल्या नवरीची चालत नाही, काळ्या तोंडावर चुकून एखादा पांढरा केस दिसला तर तो चिमट्यानं उपटतात, लोकर दलदलीतल्या काळ्या मातीच्या पाण्यात बुडवून रंग चढवतात. एकेक नर हजारो पौंडांना जातो. मी ते फोटो आटपाडीच्या भाच्याला पाठवले, त्याच्याकडं माडग्याळी मेंढ्या आहेत, जत तालुक्यातल्या माडग्याळच्या जातीच्या, २०२० साली तसल्याच एका मेंढ्याला ७० लाखाला मागितल्याची बातमी आली होती तेव्हापासनं हा जरा हवेतच असतो. माडग्याळीची सगळी किंमत नाकात, पोपटाच्या चोचीगत नाक बाकदार पाहिजे.

त्याचा लगेच व्हॉइस मेसेज आला. "मावशे, शिंगं चांगली हायती, लोकर बी भरपूर हाय, पर नाक पार चपटं की गं. फुकट दिला तरी आपल्या बाजारात ह्याला कोण हात लावणार न्हाई."